पदमनजींचा मुलगा, अब्राहामाचा वारस

साल १८३९. तुम्ही निपाणीत नाईक निंबाळकरांच्या वाड्यासमोर उभे आहात. आत सिद्धोजीराव गेलेत. अख्खा मुलूख त्यांना आप्पा देसाई निपाणकर म्हणून ओळखायचा. माजघरातून रडण्याचा आवाज येतोय, पण चौकात जमलेल्या माणसांच्या तोंडावर दुःखाहून जास्त धास्ती आहे. कारकून दप्तर बांधू की उघडं ठेवू अशा विचारात बसलाय. शिपाई एकमेकांची नजर चुकवतायत. गादीवर बसवायला पोटचा मुलगा नाही. मग कंपनी सरकार काय करणार, हे त्या चौकातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जहागीर खालसा.

ठाऊक असायला कारण आहे. पंधराच वर्षं झाली, बेळगावच्या पलीकडे कित्तूरला हेच घडलं होतं. देसाई वारले, शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे ते दत्तक मानेना. २३ ऑक्टोबर १८२४ ला किल्ल्यासमोरच्या लढाईत थॅकरे पडला, पुढे किल्ला पडला, आणि राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेल्या. चौकातल्या म्हाताऱ्यांनी हे सगळं ऐकलंय, काहींनी पाहिलंयही. वारस कोणाला म्हणायचं, पोटच्याला की मांडीवर घेतलेल्याला, हा प्रश्न ह्या पट्ट्यात तोफांनी सोडवला गेला आहे.

आता पाय उचला. तवंदीचा घाट चढून दक्षिणेला निघा. उजव्या-डाव्या हाताला जोंधळ्याची रानं, मधूनच एखादी चिंच, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. संकेश्वर लागेल. इथे शंकराचार्यांचा मठ आहे, आणि जवळच निडसोशीला लिंगायतांचा. थोडा वेळ टेका, कारण पुढचं सगळं कळायला हा मुक्काम लागतो.

वाड्यातला प्रश्न इथे उद्भवतच नाही. संकेश्वरच्या गादीवर बसणाऱ्याला मुलगा नसतो. संन्यास घेताना त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं श्राद्ध घातलेलं असतं. गोत्र सुटलं, घर सुटलं, आईबापाचं नाव सुटलं. पुढचा स्वामी कोण, हे मागचा स्वामी ठरवतो. लिंगायत मठात गुरू शिष्याच्या मस्तकावर हात ठेवतो, आणि त्या स्पर्शातून परंपरा पुढे जाते. ह्या मुलखातला कुणबी, वाणी, कासार, सगळे ह्याला नमस्कार करतात. एखाद्या घरातला थोरला मुलगा मठात गेला तर आई रडते, पण लोक तिला भाग्यवान म्हणतात.

म्हणजे इथल्या माणसांना वारशाच्या दोन्ही तऱ्हा जन्मापासून माहीत होत्या. वाड्याचा वारसा रक्ताने चालतो, मठाचा हाताने. दोन्हींच्या मध्ये एक कुंपण होतं, आणि ते संन्याशाच्या भगव्या वस्त्राचं होतं. कुंपणाच्या अलीकडे राहून, बायकोमुलांत राहून, बाजारात बसून कोणी मठाचा वारसा सांगू लागला तर काय करायचं, ह्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. बेळगावात ते लवकरच द्यावं लागणार होतं.

पंधरा वर्षं पुढे या. रविवार, ३ सप्टेंबर १८५४. बेळगाव. भाद्रपदातला शुद्ध पक्ष आहे, पावसाने लाल माती अजून ओली आहे, छावणीच्या बाजूने कवायतीचा बिगूल ऐकू येतो. लंडन मिशनरी सोसायटीचं इथलं काम १८२० पासूनचं. बल्लारीहून आलेल्या जोसेफ टेलर ह्यांनी ते सुरू केलं. १८३२ पासून मिशनची इंग्रजी शाळा आहे, पुढे बेनन-स्मिथ हायस्कूल म्हणून जी गावाला माहीत होईल ती. उपासनेच्या जागेत तुम्ही मागच्या बाजूला बसा. कानडी, मराठी, तमिळ, इंग्रजी असं सगळं कानावर पडेल.

पुढे एक तेवीस वर्षांचा तरुण उभा आहे. जन्म बेळगावचाच, १८३१ चा. कासाराचं घर. ह्याच मिशनच्या शाळेत शिकला, मग मुंबईला गेला, तिथे परमहंस सभेत बसला. जात न मानणाऱ्यांची ती गुप्त मंडळी होती, पण जात मोडायची ती बंद दाराआड. ह्याला दार उघडं हवं होतं. म्हणून तो आज इथे उभा आहे. पाळक भांड्यातलं पाणी हातात घेतो, त्याच्या कपाळावर सोडतो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो. पाणी भुवईवरून ओघळून गालावर येतं. तो ते पुसत नाही. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

ह्या तरुणाला पुढे महाराष्ट्र बाबा पदमनजी म्हणून ओळखणार आहे. १८५७ मध्ये तो ‘यमुनापर्यटन’ लिहील, विधवांच्या हालअपेष्टांवरची कादंबरी, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जाईल. मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती करील, शंभरावर पुस्तकं लिहील, ‘अरुणोदय’ नावाचं आत्मचरित्र लिहील. १९०६ मध्ये तो जाईल तेव्हा लोक त्याला मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा जनक म्हणतील.

पण त्याचं नाव नीट पाहा. पदमनजी हे त्याच्या वडिलांचं नाव. आडनाव मुळे. कित्येक जण बाप्तिस्म्याबरोबर पवित्र शास्त्रातलं नवं नाव घेत, त्याने घेतलं नाही. वडिलांचा धर्म सोडला आणि वडिलांचं नाव पुढची बावन्न वर्षं प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं. ज्याला लोक कुळबुडव्या म्हणत असतील, त्याच्याचमुळे पदमनजी माणिकजी हे बेळगावच्या कासाराचं नाव आज ग्रंथालयांच्या याद्यांत टिकून आहे. रक्ताच्या किती वारसांना हे जमतं?

मिशनच्या आवारातून बाहेर या आणि गावात शिरा. जरा सावकाश चाला. चारपाच दिवसांनी पितृपक्ष लागणार आहे. घराघरांत तिथी मोजल्या जातायत, आजोबांची अष्टमी, पणजीची नवमी. हे लक्षात घेतल्याशिवाय बाप्तिस्म्याची किंमत कळत नाही. आम्हा वाचकांना धर्मांतराच्या गोष्टी नेहमी धर्मांतर करणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतात, कारण लिहिणारा तोच असतो. मला मागे राहिलेल्यांबद्दल बोलायचं आहे. मुलगा म्हणजे पिंड देणारा हात. बाप, आजा, पणजा ह्या तिघांची तहान त्याच्या ओंजळीवर अवलंबून. तो हात काढून घेतला म्हणजे नुसता आईबापाचा मान गेला असं नव्हतं; मेलेली माणसं उपाशी राहिली अशीच घरातल्यांची खरीखुरी समजूत होती. म्हणून कित्येक घरांत जिवंत मुलाच्या नावाने अंघोळ केली गेली, पाणी सोडलं गेलं. त्याला क्रूरपणा म्हणणं सोपं आहे. मला त्यात आधी भीती दिसते, आणि खूप माया.

आणि मग वाटणी. शास्त्राप्रमाणे धर्म सोडणारा पतित, आणि पतिताला वडिलोपार्जित इस्टेटीत हिस्सा नाही. चारच वर्षांपूर्वी, १८५० मध्ये, कंपनी सरकारने एकविसावा कायदा केलेला आहे: धर्म सोडला किंवा जातीबाहेर पडला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही. बंगाल-मद्रासेकडून त्याविरुद्ध अर्जांमागून अर्ज गेले. अर्जदारांचं म्हणणं तुम्ही कोणत्याही ओसरीवर बसून ऐकू शकता. ज्याने पिंड द्यायचं नाकारलं त्याला जमीन कशाबद्दल? हिस्सा आणि श्राद्ध ही एकाच व्यवहाराची दोन टोकं होती, आणि सरकारने एक टोक कापून दुसरं तसंच ठेवलं. मला हा कायदा न्यायाचा वाटतो. पण ओसरीवरच्या म्हाताऱ्याचा प्रश्नही पोकळ नाही.

गंमत बघा, त्याच म्हाताऱ्याचा दुसरा मुलगा संकेश्वरला जाऊन संन्यासी झाला असता तर पिंडाचा तोच हात गेला असता. तेव्हा त्याने जोडे बाजूला काढून मुलाच्या पाया पडायचं. मग बाबाचा गुन्हा काय? तो जिवंतपणी मेला नाही. त्याने भगवी वस्त्रं घेतली नाहीत. तो त्याच गल्लीत, त्याच बाजारात, धोतर-पागोट्यात फिरत राहिला आणि म्हणत राहिला की माझा जन्म आता वरून झाला आहे. येशूने निकदेम नावाच्या शास्त्र्याला रात्रीच्या वेळी हेच सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्या विद्वानाला आईच्या पोटात परत कसं जायचं हेच कळेना. मठाचा नियम गृहस्थाला लावणं, ही ख्रिस्ती धर्माची सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि सगळा कलह तिथून सुरू होतो.

शाळेत परत चला, थोडं मागच्या वर्षांत. मराठी नव्या कराराचं पहिलं पान उघडलंय. मुलं ओरडून वाचतायत: अब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत, तिथून पुढे, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन पट्टे. ह्या मुलांना ते मुळीच परकं वाटत नाही. सुगी झाली की बैलावर बसून हेळवी दारात येतो, घराण्याची नावं घडाघड म्हणतो, कोण कुठून आला, कोणाला किती मुलगे, आणि सुपातून जोंधळे घेऊन जातो. मत्तयाचा पहिला अध्याय म्हणजे यहूद्यांचा हेळवीच. फक्त ह्या हेळव्याची माळ शेवटच्या मण्यापाशी तुटते. अमक्याला अमका झाला, अमक्याला अमका झाला, असं करत योसेफापर्यंत येतं आणि योसेफाला येशू झाला असं म्हणतच नाही. तो मरीयेचा नवरा आहे, बस्स. बेचाळीस पिढ्यांचं रक्त दाराशी आणून उभं केलं आणि आत घेतलं नाही.

तरी दावीदाचा वंशज म्हणून येशूचा हक्क त्याच योसेफाकडून सांगितला जातो. ज्याने पोटचं नसलेलं मूल आपलं म्हटलं, नाव दिलं, सुतारकी शिकवली. कंपनी सरकारच्या निकषावर हा वारस टिकला नसता. निपाणीच्या वाड्यातल्या माणसांना कोणी हा अध्याय समजावून सांगितला असता तर त्यांना तो पाळकांच्याही आधी कळला असता, असं मला राहून राहून वाटतं.

तुम्हाला आता लांब जायचंय. इसवी सन ६२, यरुशलेम. ओळखी-पाळखी लागणार नाहीत, गर्दीत मिसळून जा. इथल्या मंडळीचा पुढारी आत्ताच मारला गेलाय. त्याचं नाव याकोब, आणि लोक त्याला प्रभूचा भाऊ म्हणतात. त्याच्या जागी कोणाला बसवायचं, यावर माणसं जमलीत. पेत्राचा गट, योहानाचे शिष्य, पौलाने लांबलांब उभ्या केलेल्या मंडळ्यांतून आलेले. आत्मा वाटेल तिथे वाहतो असं मानणारी ही माणसं. आणि निवडतात कोणाला? शिमोनाला, क्लोपाच्या मुलाला. क्लोपा हा योसेफाचा भाऊ, म्हणजे शिमोन येशूचा चुलतभाऊ. ही हकिकत हेगेसिप्पसने लिहून ठेवली आणि चौथ्या शतकात युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात जपली. पहिल्याच पिढीत, वधस्तंभाला अजून चाळीस वर्षंही झाली नव्हती, तर पावलं वाड्याकडे वळली होती.

मी त्यांना नावं ठेवणार नाही. माणूस गेल्यावर त्याच्या नाकाचा, हनुवटीचा, आवाजाचा कुठेतरी पुन्हा भास व्हावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण येशूनेच जिवंतपणी, आई आणि भाऊ दाराबाहेर उभे आहेत असा निरोप आल्यावर, समोर बसलेल्यांकडे बोट करून हीच माझी आई, हेच माझे भाऊ असं म्हटलं होतं. हे ऐकलेली माणसं त्या सभेत असणार. त्यांच्यातला एखादा तरी उठून बोलला असेल, आणि त्याला बसवलं गेलं असेल.

तीसेक वर्षं पुढे चला. सम्राट डोमिशियनला खबर लागलीय की दावीदाच्या वंशातली माणसं अजून शिल्लक आहेत. राज्यावर हक्क सांगतील म्हणून त्याने दोघांना पकडून आणलंय. यहूदाचे नातू, आणि यहूदा हा येशूचा भाऊ. तुम्ही जवळ जाऊन बघा. सम्राट विचारतो, इस्टेट किती? ते सांगतात, दोघांत मिळून एकोणचाळीस प्लेथ्रा जमीन, रोकड नाही. मग ते पंजे पुढे करतात. तळव्याला घट्टे, बोटं न मिटणारी, नखात माती. शेतकऱ्याचे हात. दावीदाचं राजरक्त, येशूच्या घरचं रक्त, ते सगळं ह्या भेगांमध्ये जिरलेलं. ख्रिस्ताचं राज्य कुठलं, असं विचारल्यावर ते म्हणतात, ते पृथ्वीवरचं नाही, शेवटी येईल. सम्राट त्यांना क्षुल्लक समजून सोडून देतो. युसेबियसच्या सगळ्या पुस्तकात मला इतकं जिवंत दुसरं चित्र सापडत नाही. हा वंश त्यानंतर हळूहळू इतिहासातून पुसला जातो, आणि मंडळीचं काही अडत नाही. अंत्युखियात, रोमेत, आलेक्सांद्रियेत एका अध्यक्षाचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला जातो, आणि माळ पुढे सरकते.

पण रक्त असं सुखासुखी मागे हटत नाही. दुसऱ्या दाराने येतं.

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीवरून डिचोलीला पोचा. सतराव्या शतकाच्या मध्यावर. हा मुलूख पोर्तुगीजांचा नाही, विजापूरच्या आदिलशहाचा आहे, बेळगावही त्याचंच. इथे एक बिशप राहतो, वर्णाने तुमच्या-माझ्यासारखा. मातेउश द कास्त्रो, दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घरातला ख्रिस्ती. त्याला पाद्री व्हायचं होतं, गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली, कारण तो इथला. बाप्तिस्मा चालतो, पुढचं नाही. तो रोमला गेला, तिथे शिकला, दीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये बिशप झाला. रोमने त्याला आदिलशाही मुलखावर नेमलं. लॅटिन पंथात बिशप झालेला पहिला भारतीय. त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात त्याच माळेतला होता जिचा गोव्याच्या आर्चबिशपांना अभिमान होता, तरी गोवा त्याला शेवटपर्यंत मानेना.

त्याच्याशी दोन शब्द बोला, तुम्हाला त्याचा राग आणि त्याची जखम दोन्ही कळतील. पण पुढेही थांबा. ह्याच माणसाने १६५३ मध्ये ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहिलं, गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांनी आपलं कुळ आठवावं म्हणून. आणि पुढे बिशप झालेल्यांत त्याचा पुतण्या तोमाश द कास्त्रोही होता. ज्याला रक्तामुळे दाराबाहेर ठेवलं, तोही दार उघडताना रक्ताचीच किल्ली शोधू लागला. केरळात तर पकलोमट्टम घराण्यात काकाकडून पुतण्याकडे मंडळीचं पुढारपण कित्येक पिढ्या चाललं. ब्रह्मचारी धर्माध्यक्षाला मुलगा नसतो, पण पुतण्या असतोच.

साताऱ्यावरून परत येऊ, वाट वाकडी करून. १९१७. नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून इथे आलेत. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मग स्वतः विचार करून १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आता टिळकांना एक नवंच घर उभं करायचंय, ‘देवाचा दरबार’. त्यात बाप्तिस्मा झालेले यावेत, न झालेलेही यावेत, जातीची विचारपूस नको. मठ आणि वाडा दोन्ही मोडून तिसरंच काही. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार विरला. पण त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं, दहा-अकरा अध्यायांवर. ते पुरं कोणी केलं? लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहिले. रक्ताचं नातं नाही, कोणी डोक्यावर हात ठेवून नेमलेलं नाही, घरात राहून भांडत-रुसत शिकलेली बाई. ह्या सगळ्या विषयात मला सगळ्यात खरा वारस कोण वाटतो असं विचाराल तर मी हेच नाव सांगीन.

वारसा घरातूनही येतो आणि हातातूनही, हे पौलालाही माहीत होतं. तो तीमथ्याला आपलं लेकरू म्हणतो, मी तुझ्यावर हात ठेवला ते विसरू नकोस असं बजावतो, आणि त्याच पत्रात, दोन ओळी अलीकडे, त्याच्या आजीचं आणि आईचं नाव घेतो: लोईस आणि युनीके. तुझा विश्वास आधी त्यांच्यात होता म्हणतो. वाद घालणारे एकतर हाताचं वाक्य उचलतात नाहीतर आजीचं. पत्रात दोन्ही शेजारी आहेत.

आता आजच्या बेळगावात या. १९०४ मध्ये लंडन मिशनने इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे दिलं, १९५३ मध्ये कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत वेगळा झाला, निपाणीकडे कोल्हापूरच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या मंडळ्यांत महार-मांग वस्त्यांतून आलेली माणसं फार. त्यांच्या बाबतीत रक्ताचा हिशोब कायद्याने वेगळ्याच तऱ्हेने केला. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश म्हणतो की ख्रिस्ती झालात तर तुम्ही त्या यादीत नाही. गाव मात्र विहिरीवर त्यांची जात कधी विसरलं नाही, आणि खरं सांगायचं तर कित्येक चर्चचे बाकही विसरले नाहीत. जिथे वंश पुसला गेला असं जाहीर सांगितलं जातं तिथेच तो सगळ्यात पक्का राहतो, ह्याची चीड आली पाहिजे. मला येते.

कोर्टाच्या आवारात एखाद्या वकिलाला गाठून विचारा, तो तुम्हाला १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं सव्विसावं कलम दाखवील. धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा हक्क टिकतो. पण धर्मांतरानंतर झालेल्या त्याच्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारसा नाही, जर वारसा उघडतो त्या वेळी ती स्वतः हिंदू नसतील तर. बाबाला हिस्सा मिळेल, बाबाच्या मुलांना आजोबांकडचा नाही. ओसरीवरच्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला शंभर वर्षांनी दिलेलं हे उत्तर, एक पिढी उशिरा. आणि दत्तकाचं तर आणखी अवघड: योसेफाच्या मांडीवर वाढलेल्या प्रभूला मानणाऱ्यांना ह्या देशात बराच काळ दत्तकाचा कायदाच नव्हता. मूल आणायचं ते १८९० च्या कायद्याखाली पालक म्हणून, आईबाप म्हणून नाही. बालन्याय कायद्याने वाट उघडली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली असल्याचं सांगितलं. चर्चने ह्यासाठी जेवढा आवाज करायला हवा होता तेवढा केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी कॅम्पातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये चला. शनिवारची दुपार, पंखा फिरतोय, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फळ्यावर दहा आज्ञा अर्ध्या कानडीत अर्ध्या मराठीत. दृढीकरणाचा वर्ग आहे. लहानपणी आईबापांनी दिलेला बाप्तिस्मा आता मुलांनी स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा असतो. पाळक एकेकाला विचारतायत, तुला घ्यायचंय का, का घ्यायचंय. बहुतेक मुलं पाठ केलेलं बोलतात. एक मुलगी गप्प आहे. दारात तिची आजी बसलीय, तिला राहवत नाही.

“पाळकसाहेब, तिचं नाव घाला की. तिच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यापास्नं आमच्या घरात कोण मागं ऱ्हायलंय?”

“आजी, पणजोबांना कोणी सांगितलं होतं का घे म्हणून?” मुलगी विचारते.

“काय बोलायलीस गं! त्यांना तर सगळी नको म्हणूनच सांगत होती.”

“मग मला पण थोडं थांबू दे की. मी नाही म्हणत नाही. मला नीट कळलं की घेईन.”

आजी पाळकांकडे बघते, त्यांनी पोरीला दटावावं म्हणून. पाळक वहीत तिच्या नावापुढे पुढच्या वर्षीचं साल लिहितात आणि तिला म्हणतात, येत जा मात्र दर शनिवारी, प्रश्न घेऊन ये. मग पुढच्या मुलाचं नाव पुकारतात.